रेसिडेंट ईव्हिल ही भीतीची व्हिडिओ गेम बदलली ती डायरेक्टरमुळे का कॅपकॉम कंपनीमुळे?

सातरस्ता_गेमर: सोलापूरकरांनो, सहावा पार्ट (2012) म्हणजे नुसतं पळा आणि गोळ्या झाडा, भीती कुठंच नाही, आणि सातवा (2017) खेळलो तर रात्री लाईट बंद करवेना. एवढा बदल झाला कसा बे?

नवीपेठ_प्लेअर: डायरेक्टर कोशी नाकानिशी होता ना सातव्याला. गेम हिरोच्या डोळ्यांतून दाखवली, एक पडकं घर, मागं लागलेला त्या घरचा मालक जॅक बेकर, गोळ्या मोजून वापरायच्या. दार पण हळूच ढकलावं लागतंय, पलीकडं काय आहे कळत नाही, भीती तिथंच आहे बग.

अक्कलकोटरोड: पटलं, पण नुसत्या डायरेक्टरवर भागत नाही. 2005 ला डायरेक्टर मिकामीनं चौथ्या पार्टमधे कॅमेरा खांद्यामागं आणला, लई भारी काम, पण पुढच्या टीमनी त्यातली ॲक्शन तेवढी उचलली आणि गोळ्या संपायची धास्ती सोडून दिली, तिथंच गंडलं.

सातरस्ता_गेमर: खरंय. आठव्याला (2021) डायरेक्टर मोरिमासा सातो, तरी कॅमेरा डोळ्यांतूनच ठेवला, म्हणजे कंपनीनं विचार धरून ठेवला. त्यातल्या व्हिलन लेडी डिमिट्रेस्कूचा वाडा तर कडकच, फक्त त्या दुकानदार ड्यूककडं बंदुका घेत बसलं की भीती कमी होते.