मूल लाजाळू आहे की स्वतःला कमी लेखतंय, कसं ओळखायचं?

पाटीपेन्सिल
नववीचा वर्ग, पट ५२. सहा-सात मुलं कधीच हात वर करत नाहीत. घरचे म्हणतात, "लाजाळू आहे हो, बाकी काही नाही." वर्गातच फरक कळेल अशा खुणा कोणत्या? एखादी प्रश्नावली असते का?

शाळासमुपदेशक
लाजाळू मूल मधल्या सुट्टीत आपल्या दोस्तांत मोकळं होतं. स्वतःला कमी लेखणारं तिथेही "मला नाहीच जमणार" म्हणतं. ते किती बोलतं यापेक्षा स्वतःबद्दल काय बोलतं ते ऐका.

वही बघा. खोडून खोडून कागद विरलेला, तुम्ही बाकाजवळ गेलात की वहीवर आडवा हात, बरोबर आलेलं उत्तरही शेवटी खोडलेलं. पेपर वाटताना तर कान उघडे ठेवाच. चांगले गुण पडले तर "पेपर सोपा होता", कमी पडले तर "मी ढच आहे": यश नशिबाचं आणि अपयश तेवढं आपलं, ही वाटणी पुन्हा पुन्हा दिसली तर माझ्या मते सगळ्यांत बोलकी खूण हीच.

फक्त गप्प मुलांकडे पाहू नका. सतत फुशारक्या मारणारा, हरायला लागला की डाव उधळणारा, यांच्याही मनात तेच असू शकतं. ती मुलं निसटतात, कारण 'आगाऊ' म्हणून शिक्षा खातात.

दोन आठवडे तारीख, प्रसंग आणि मुलाचे नेमके शब्द टिपा. "आत्मविश्वास नाही" असं लिहू नका, ते तुमचं मत झालं. आणि हे फक्त गणिताच्या तासालाच होत असेल, तर आधी गणितात कुठे अडतंय ते तपासा.

मोजपट्टी
अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ची, माणूस स्वतःला किती मोलाचं समजतो ते मोजणारी, दहा विधानांची प्रश्नावली आहे. प्रत्येक विधानाला ० ते ३, एकूण ३० गुण. पाच विधानं नकारार्थी आहेत, त्यांचे गुण उलटे मोजायचे. ते विसरलं की सगळी बेरीज फसते. वर्गात सगळ्यांसमोर भरून घेऊ नका, मुलं शेजाऱ्याचं बघून खुणा करतात. शिवाय हे निदान नव्हे.

पाटीपेन्सिल
आणि कौतुक भरपूर केलं तर?

शाळासमुपदेशक
"तू हुशारच आहेस" हे अशा मुलाला पटत नाही, उलट पुढच्या वेळी हुशारी टिकवायची धास्ती बसते. त्यापेक्षा वहीत बोट ठेवून सांगा: "तिसऱ्या पायरीत चिन्ह बदललंस, ते बरोबर केलंस."

रात्रपाळी
एक राहिलं. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक बिघडली, आवडता खेळ सुटला किंवा "मी नसलो तरी चालेल" असं कानावर आलं, तर टिपणं करत बसू नका. एकांतात सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. हो म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी पालकांना बोलवा आणि डॉक्टरांकडे न्यायला सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.