मदत हवी आहे: १८ हजारांत जुना कॅमेरा, तालमीतल्या फोटोंसाठी

हौदकाठ :

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात चित्रकला शिकतो. आमच्या पेठेतल्या तालमीत पहाटे पोरं मेहनत करतात, त्यांचे फोटो काढायचे आहेत. त्या फोटोंवरून पुढे मोठ्या आकारात चित्रं करणार आहे, म्हणून अंगाला लागलेली माती, ताणलेली मान, मनगटाची पकड हे सगळं स्पष्ट यायला हवं. वस्तादांनी परवानगी दिलीय, अट एकच: फ्लॅश मारायचा नाही.

आतापर्यंत मोबाईलवर काढत होतो. उभा माणूस बरा येतो, पण डाव पडला की हातपाय नुसते फरफटल्यासारखे दिसतात. आत उजेड म्हणजे दोन ट्यूबलाइट आणि एक एलईडी बल्ब. सूर्य वर यायच्या आधीच निम्मी मेहनत उरकलेली असते.

जमवलेले पैसे १८ हजार आहेत, घरून आणखी मागणार नाही. सध्या समोर तीन पर्याय आहेत.

एक, वर्गमित्राच्या भावाचा कॅनन १३००डी, सोबत १८-५५ किटलेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी साधी झूम लेन्स), १५ हजार. दोन, इचलकरंजीतल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडचा निकॉन डी७०००, नुसती बॉडी (लेन्सशिवाय), साडेबारा हजार. ते मिररलेसवर (आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यावर) गेलेत म्हणून विकतायत. तीन, ऑनलाइन जाहिरातीतला निकॉन डी५३००, दोन लेन्स आणि बॅग, सगळं मिळून ९ हजार. विकणारा म्हणतो मी जवान आहे, बदली झालीय, अर्धे पैसे पाठवा, पार्सल करतो.

काय घेऊ? आणि घेताना काय काय तपासू? मला मेगापिक्सेलपलीकडचं फारसं कळत नाही.

लगीनसराई :

तिसरा आधी डोक्यातून काढ. बदली झालेला जवान, ओळखपत्राचा फोटो, अर्धे पैसे आगाऊ, ही फसवणुकीची ठरलेली पद्धत आहे. वस्तू हातात घेऊन तपासल्याशिवाय रुपया पाठवायचा नाही, समोरचा कितीही गोड बोलू दे.

आता मुद्द्याचं. तू कॅमेरे मोजत बसलायस, पण तुझी अडचण उजेडाची आहे, म्हणजे लेन्सची. किटलेन्स झूम केली की तिचं तोंड एफ/५.६ एवढंच उघडतं (एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं). ५० एमएम एफ/१.८ लेन्स त्याच्या जवळपास साडेनऊ पट उजेड आत घेते. याचा अर्थ काय ते बघ. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) ३२०० वर एफ/१.८ ला तुला १/५०० सेकंदाचा शटर (उजेड आत घ्यायचा पडदा तेवढाच वेळ उघडा) मिळत असेल, तर त्याच जागी, त्याच आयएसओवर किटलेन्सला १/५० च मिळणार. १/५० ला ढाक (कुस्तीतला एक डाव) मारणाऱ्या पैलवानाचा फोटो म्हणजे तुझ्या मोबाईलवर येतो तोच फोटो, फक्त जड यंत्रातून. म्हणून १५ हजार घालून किटलेन्सवाला १३००डी घेतलास तर तुझं दुखणं आहे तिथंच राहील.

माझा कौल डी७००० ला, आणि उरलेल्या पैशांत जुनी निकॉन ५० एमएम एफ/१.८डी. डी७००० आहे २०१० चा, १६ मेगापिक्सेल. जुना आहे, पण त्याच्या बॉडीत फोकसची मोटर आहे. १.८डी लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते, बॉडीतल्या मोटरीवर ती फोकस करते, म्हणूनच ती स्वस्तात मिळते. हीच लेन्स डी३३०० किंवा डी५३०० ला लावलीस तर फोटो निघेल, पण फोकस हातानं फिरवत बसावा लागेल. लग्नात बोहल्यावरचा नवरा एका जागी बसतो, तुझे मल्ल बसणार नाहीत.

घाटउतार :

हल्लीच्या मोबाईलची लेन्स पण १.८ च असते की. कशाला पैसे घालवतोस भावा?

लगीनसराई :

आकडा तोच, पण मागचा सेन्सर (उजेड टिपणारा भाग) केवढा ते बघा. डी७००० चा सेन्सर साधारण २३.६ बाय १५.६ मिलिमीटरचा. मोबाईलचा त्याच्यापुढं अगदीच लहान, त्यामुळे अंधारात मोबाईल शटर लांबवतो किंवा चार फोटो एकात मिसळतो. स्थिर वस्तूला ते छान जमतं. हालत्या माणसाला नाही.

कळंबारोड :

मी कॅननवाला, त्यामुळे थोडी दुसरी बाजू. कॅननच्या सगळ्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्समध्येच असते, त्यामुळे कुठली लेन्स कुठल्या बॉडीवर फोकस करेल हा घोळ आमच्याकडे नाही. कॅननची ५० एमएम एफ/१.८ एसटीएम ही लेन्स १३००डी वर बिनघोर चालते. मित्राच्या भावाला सांग, किटलेन्स तुझ्याकडेच ठेव, नुसती बॉडी ११ हजारांना दे. मग जुनी एसटीएम शोध. ओळखीच्या घरातला कॅमेरा आहे, त्यानं काय सोसलंय हे तुला विचारता येतं. लग्नाचा कॅमेरा म्हणजे हजारो क्लिक, हळदीकुंकू, अक्षता, पाऊस, सगळं खाऊन आलेला.

लगीनसराई :

ओळखीचा मुद्दा मान्य. पण १३००डी सेकंदाला तीन फोटो काढतो आणि फोकसचे बिंदू नऊ. डी७००० सेकंदाला सहा काढतो, बिंदू ३९. तालमीत हा फरक चैनीचा नाही, आणि कारण फक्त वेग नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होते. डोळ्याला कळत नाही, पण १/५०० ला कळतं: एक फोटो उजळ, पुढचा मळकट, तिसऱ्यात पिवळट झाक. नव्या महागड्या कॅमेऱ्यांत ही लुकलुक ओळखून क्लिक करायची सोय असते, या दोघांत ती नाही. मग उपाय एकच, बोट दाबून ठेवायचं आणि झुंबडीतला बरा फोटो निवडायचा. सहा मिळाले तर निवडायला वाव राहतो.

हौदकाठ, तालमीतल्या दिव्यांकडे मोबाईलचा कॅमेरा धरून बघ. स्क्रीनवर पट्टे सरकताना दिसले तर हा त्रास होणार. वस्तादांना विचारून एक ट्यूब बदलून चांगल्या कंपनीची एलईडी लावता आली तर कॅमेऱ्यापेक्षा कमी खर्चात जास्त फरक पडेल.

हौदकाठ :

पट्टे दिसतात. ट्यूबचं वस्तादांना विचारतो, तालमीचा माजी मल्ल इलेक्ट्रिशियन आहे.

डी७००० कडे मन झुकतंय. इचलकरंजीला जाऊन नेमकं काय बघायचं?

महापूर१९ :

सगळ्यात आधी पाणी. इचलकरंजी असो नाहीतर आपलं शाहूपुरी, २०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेचं पाणी किती दुकानांत आणि घरांत शिरलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातनं वर काढलेल्या, वाळवून पुसून ठेवलेल्या वस्तू अजून बाजारात फिरतायत. मी दुरुस्तीचं काम करतो, असे कॅमेरे हातात आलेत. सुरू होतात, मस्त चालतात, आणि अचानक बंद पडतात, कारण आतल्या सर्किटवर गंज हळूहळू चढतो.

ओळखायचं कसं? तळाचे आणि बाजूचे छोटे स्क्रू बघ, डोक्यावर तांबूस गंज आहे का. बॅटरीचं दार उघड, पत्र्याच्या पट्ट्यांवर हिरवट किंवा पांढरी बुरशीसारखी पूड आहे का. वर फ्लॅश बसवायची चकती असते, तिच्या खाचेत गाळ राहतो, पुसणाऱ्याचं तिथं लक्ष जात नाही. व्ह्यूफाइंडरमधून पाहिल्यावर कडेला पाणी सुकल्याचे वळ दिसतात का. केबलच्या रबरी झाकणांखाली बघ. यातली एक जरी खूण सापडली तरी चहा घेऊन परत ये. भाव कमी करून पण घेऊ नको.

लगीनसराई :

हे फार कामाचं सांगितलंत. माझ्याकडून बाकीचं.

स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा. एक जेपेग फोटो काढ आणि लॅपटॉपवर त्याची एक्झिफ माहिती (कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये लिहितो ती नोंद) बघ. निकॉन त्यात शटर किती वेळा उडाला ते लिहून ठेवतो, त्यामुळे मालकाच्या तोंडी आकड्यावर राहायचं कारण नाही. डी७००० चा शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेला आहे. लाखाच्या आतला असेल तर घे. सव्वा लाखाच्या पुढं असेल तर भाव तसा पाड. त्याच माहितीत बॉडीचा क्रमांकही असतो, तो कॅमेऱ्याच्या तळावरच्या क्रमांकाशी आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळव. बिल नसेल तर मालकाकडून क्रमांक लिहिलेली साधी पावती सहीनिशी घे. चोरीचा माल अंगावर यायला नको.

मग एफ/१६ ठेवून मोकळ्या आकाशाचा फोटो काढ. काळे ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ, ती साफ होते, घाबरू नको. पुसल्यावरही न जाणारी रेघ असेल तर ओरखडा. मेनूमध्ये बॅटरीची माहिती असते, वय ० ते ४ असं दाखवतात. ० म्हणजे नवी, ४ म्हणजे संपत आलेली. दोन्ही कार्डांचे खण तपास, डी७००० ला दोन आहेत. पकडीचं रबर सुटलेलं असेल तर भाव करायला उपयोग होतो, कामाला अडत नाही.

आणखी एक. कोणी एएफ-पी नावाची स्वस्त नवी लेन्स गळ्यात मारत असेल तर घेऊ नको, ती डी७००० वर फोकसच करत नाही.

डोंगरवाट :

ताई म्हणून सांगते, लेन्स घेताना टॉर्च विसरू नकोस. मागून टॉर्च मारून पुढून बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की ती बुरशी. आपल्याकडचा पाऊस आणि कपाटातली कोंदट हवा, गगनबावडा भागात तर विचारूच नको. कडेला एखादा धागा असला तरी फोटोत दिसत नाही, पण तो पसरतो. मी सोडून देईन.

घेतल्यावर चामड्याच्या पाकिटात ठेवायचा नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल. निळे खडे गुलाबी झाले की गरम करून परत निळे करता येतात, पण स्वयंपाकाचा तवा घेऊ नकोस, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. आमच्या घरी त्यावरून महाभारत झालेलं आहे.

आणि हौदाच्या, म्हणजे तालमीतल्या मातीच्या आखाड्याच्या, काठावर लेन्स बदलू नकोस. ती माती तेल, ताक, हळद घालून मळलेली असते, सेन्सरवर गेली तर फुंकरीनं निघत नाही. जोतिबाच्या यात्रेत नेणार असशील तर आधीच सांगते, गुलाल त्याहून वाईट.

घाटउतार :

एक शंका. ५० एमएम आत जास्त जवळ नाही पडणार? तालीम केवढी असते.

लगीनसराई :

बरोबर शंका. डी७००० वर ५० ची लेन्स ७५ एमएमसारखी, म्हणजे आणखी जवळची, दिसते. हौदाच्या एका कडेला उभं राहून पलीकडच्या जोडीचा कमरेपासून वरचा भाग भरेल, अख्खा हौद मावणार नाही. अख्खा हवा असेल तर ३५ एमएम एफ/१.८जी, पण ती या पैशांत बसणार नाही. त्याला मनगट आणि मान हवीय, म्हणून ५०. वर्षभरानं ३५ घे.

हौदकाठ :

इचलकरंजीला आलोय, मालकासमोरच बसून लिहितोय. शटर ७१ हजार. स्क्रू स्वच्छ, खाचेत गाळ नाही, दुकान वरच्या मजल्यावर आहे. बिल आहे, क्रमांक जुळला. बॅटरीचं वय १. आकाशात पाच-सहा ठिपके, अंगठ्यापाशी रबर सुटलंय, त्यावरून ११,८०० पर्यंत आले. त्यांच्याकडेच ५० एमएम १.८डी निघाली, चार हजार म्हणतायत. टॉर्च मारला, काच स्वच्छ आहे.

पण लेन्स लावली की वरच्या छोट्या पडद्यावर एफ, ई, ई अशी अक्षरं लुकलुकतात आणि क्लिकच होत नाही. मालक म्हणतात त्यांनी ही लेन्स कधी या बॉडीवर वापरलीच नाही. बिघाड आहे का? दोन्ही सोडून येऊ?

लगीनसराई :

थांब, उठू नको. लेन्सवर आकडे लिहिलेली कडी आहे ना, ती फिरवून केशरी २२ वर आण. शेजारी बारीक खटका असेल तो सरकव, म्हणजे कडी तिथंच अडकेल. आता तोंड किती उघडायचं ते बॉडीच्या चाकावरून ठरव.

हौदकाठ :

झालं दादा. अक्षरं गेली, एफ/१.८ दिसतंय आणि फोकस खटकन बसतोय. १५,८०० देतो आणि निघतो. उरलेल्यात कार्ड आणि सिलिका जेल. ताई, तवा जुनाच घेईन.

महापूर१९ :

पावती घेतल्याशिवाय जिना उतरू नको.