फाउंडेशनचा आराखडा हाती घेऊन बसायचं, की आधी आपला लिहायचा?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी कऱ्हाडची. ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले आणि गेली नऊ वर्षं रोज सकाळी दोन तास मराठी विकिपीडियावर बसते. पुढच्या महिन्यात आम्ही सात-आठ सदस्य पुण्यात भेटणार आहोत. पुढच्या पाच वर्षांत काय करायचं, एवढाच विषय आहे. पण पहिल्याच फोनवर मतभेद झाले. काहींचं म्हणणं असं की विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचं नवं वर्ष जुलैत सुरू होतं, त्याच्या आराखड्याचा मसुदा आधी अभिप्रायासाठी येतोच, तर त्यातलेच मुद्दे धरून आपलं काम मांडू. निधी मागणं सोपं जाईल.

माझं मन याला तयार होत नाही. चार वर्षांपूर्वी एका संस्थेच्या निधीतून आमच्याकडच्या कॉलेजात दोन दिवसांची कार्यशाळा झाली. शिकवायला मीही होते. अहवालात दोनच आकडे भरायचे होते: खाती किती उघडली, लेख किती झाले. मग मुलांकडून दोन-दोन ओळींचे लेख करून घेतले. गावाचं नाव, तालुका, जिल्हा, संपलं. अहवाल छान गेला. पुढचे सहा महिने मी आणि आणखी एक सदस्य त्या लेखांत संदर्भ घालत बसलो, जमलं नाही ते वगळायला लावलं. त्या मुलांपैकी आज एकही संपादन करत नाही. मुलं हुशार होती हो. आम्ही त्यांना धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, चार दिवस रमूच दिलं नाही.

आणि आमची रोजची अडचण कुठल्याच आराखड्यात दिसत नाही. आमच्या गावाचंच नाव घ्या. 'कऱ्हाड' दोन तऱ्हांनी टंकता येतं. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी शीर्षकं. पुनर्निर्देशन, म्हणजे एका शीर्षकावरून आपोआप दुसरीकडे नेणारी सोय, नसेल तर दुव्यावर टिचकी मारणाऱ्याला वाटतं की लेखच नाही, आणि तो दुसरा लेख लिहायला घेतो. वऱ्हाड, कुऱ्हाड, ऱ्हास, सगळ्यांची हीच गत. मी अशा शीर्षकांची वही ठेवली आहे.

तर विचारायचं हे: मूळ संस्थेच्या आराखड्याशी आपलं किती जुळवून घ्यावं? कोणी असा अनुभव घेतलाय का?

घाटमाथा
ताई, कार्यशाळेचं पटलं. पण तिकडच्या मसुद्याकडे पाठ फिरवू नका. सर्व्हर, वकील, सॉफ्टवेअर हे सगळं त्यांच्याकडे आहे. तुमचा ऱ चा प्रश्न त्यांच्या अभियंत्यांपर्यंत गेलाच नाही तर तुम्ही जन्मभर हातानं पुनर्निर्देशनं करत राहाल.

अर्थात तिथे आपल्या शब्दाला किती वजन आहे, हेही डोळ्यांसमोर असू द्या. विकिमीडिया चळवळीत कोणाला किती अधिकार हे ठरवणाऱ्या सनदेवर २०२४ मध्ये मतदान झालं, मीही केलं होतं. मत देणाऱ्या सदस्यांपैकी सुमारे ७३ टक्के बाजूने होते, संलग्न संस्थांचाही कौल बाजूनेच गेला. तरी फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळाने मान्यता दिली नाही आणि सनद अडली. समिती २०२१ पासून त्यावर खपत होती. मला त्याचं फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. म्हणून तिकडे बोलायचं जरूर, पण आपलं सगळं काम त्यांच्या होकारावर टांगून ठेवायचं नाही.

वाटसरू
मी लेख कमी लिहितो, प्रवासाची पानं जास्त. विकिव्हॉयेज या मुक्त प्रवास-मार्गदर्शकाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. मूळ संकेतस्थळ विकिट्रॅव्हल, २००३ चं. २००६ मध्ये ते एका कंपनीने विकत घेतलं. जर्मन आणि इटालियन सदस्यांना ते रुचलं नाही. त्यांनी सगळा मजकूर उचलला आणि वेगळं घर केलं. मजकूर मुक्त परवान्याखाली होता, त्यामुळे त्यांना कोणी अडवू शकलं नाही. पुढे २०१२ मध्ये इंग्रजीवालेही बाहेर पडले आणि जानेवारी २०१३ मध्ये विकिव्हॉयेज विकिमीडियाच्या छताखाली आलं.

म्हणजे मजकूर नेता येतो. पण तो नेणारी माणसं एकमेकांना ओळखत होती, म्हणून ते निभावलं. तुमच्या सात-आठ जणांच्या भेटीला मी निधीच्या अर्जापेक्षा जास्त किंमत देईन.

अबोली
मडगावहून लिहिते. कोंकणी विकिपीडिया अनेक वर्षं इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या भाषांच्या विकी जिथे आधी घडवतात तिथे, होता, २०१५ मध्ये स्वतंत्र झाला. आमच्याकडे देवनागरीही आहे आणि रोमीही. कुठल्या लिपीत काय लिहायचं हे सॅन फ्रान्सिस्कोत बसून कोण कसं सांगणार? ते आम्हालाच आपापसांत बोलून निभवावं लागतं. तांत्रिक मदत मात्र मागावीच लागते. कृष्णाकाठताई, त्या वहीचे फोटो ठेवू नका, यादी टंकून ठेवा. यादी असली की एखादा सांगकाम्या (आपोआप संपादनं करणारा प्रोग्रॅम) चालवून पुनर्निर्देशनं करून घेता येतील.

घाटमाथा
अबोली म्हणतात ते खरंच सोपं आहे. यादी द्या, सांगकाम्या मी लिहितो. आधी चावडीवर, म्हणजे विकीच्या सामायिक चर्चेच्या पानावर, कौल घेऊ.

आणि एक राहिलं. देशातला विकिमीडियाचा चॅप्टर, म्हणजे फाउंडेशनने मान्यता दिलेली इथली संस्था, २०११ मध्ये सुरू झाला, २०१९ मध्ये त्याची मान्यता गेली. त्या काळातही मराठीत लेख लिहिले जातच होते. हे त्या निधीवाल्या मित्रांना नक्की सांगा.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वही घेऊन बसले, क पासून ग पर्यंत टंकून झालं. रविवारपर्यंत बाकीचं होईल.

भेटीसाठी एक पान लिहिलं आहे. वर आमची कामं: ऱ ची शीर्षकं, संदर्भ नसलेले गावांचे लेख, आणि प्रत्येक नव्या सदस्याच्या चर्चापानावर महिनाभर कोणीतरी एकाने लक्ष ठेवायचं. खाली फाउंडेशनकडे मागायच्या दोनच गोष्टी, त्यातली पहिली ऱ ची. निधीचा विषय पानाच्या मागच्या बाजूला ठेवला आहे. वेळ उरला तर बोलू.

घाटमाथा, शनिवारी हे पान चावडीवर टाकते. तुम्ही जमलं तर पुण्याला याच.