पक्ष्यांच्या छायाचित्रणासाठी आधी लेन्स की आधी बॉडी?

पाणकाठ :
निकॉनची डी७२०० ही डीएसएलआर (आत आरसा असलेली) बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, आणि तिच्यासोबत आलेली १८-१४० मिमी पल्ल्याची लेन्स एवढ्याच साहित्यावर हिवाळ्यात भिगवणला जाणाऱ्या हौशी माणसाने, हाती थोडे पैसे जमल्यावर, नवी मिररलेस (आरसा नसलेली) बॉडी घ्यावी की लांब पल्ल्याची लेन्स, यावर आमच्या मित्रमंडळीत एकमत होत नाही. माझे मत लेन्सच्या बाजूने आहे. तेथे उजनी धरणाच्या पाण्यात नाव रोहित पक्ष्यांपासून अंतर राखून थांबते आणि तसेच थांबले पाहिजे. तेथून १४० मिमीवर पक्षी अगदी लहान येतो, आणि जो तपशील सेन्सरपर्यंत पोहोचलाच नाही तो कितीही नवी बॉडी आणली तरी मिळत नाही. २०१५ साली आलेली २००-५०० मिमी, एफ ५.६ (हे प्रकाश आत येण्याच्या छिद्राचे, म्हणजे अ‍ॅपर्चरचे माप; आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त) ही निकॉनची लेन्स आता वापरलेली मिळते, आणि डी७२००च्या लहान सेन्सरमुळे तिचा दृश्यकोन मोठ्या, फुल-फ्रेम सेन्सरवरच्या ७५० मिमीच्या लेन्सइतका अरुंद होतो. बॉडीची नवी आवृत्ती चार-पाच वर्षांत येतेच. चांगली लेन्स त्याहून बराच काळ कामास येते.

सुरय :
आपला मुद्दा रोहित पक्ष्यांपुरता मान्य आहे, कारण तो मोठा आणि बराच वेळ एका जागी चरणारा पक्षी आहे. मात्र पाण्यावर सूर मारणारा नदी सुरय टिपायचा असेल, तर अडचण पल्ल्याची कमी आणि फोकसची जास्त असते. डी७२००चे ५१ फोकस-बिंदू पक्ष्याचा डोळा आणि लाटेवरची चमक यांत भेद करत नाहीत. तो भेद छायाचित्रकारालाच, हलत्या नावेत बसून, करावा लागतो. २०२४ मध्ये आलेल्या, निकॉनच्या मिररलेस झेड५०च्या दुसऱ्या आवृत्तीत पक्षी ओळखण्याची सोय आहे. तिचा सेन्सर २०.९ मेगापिक्सेलचा, म्हणजे २०१६च्या डी५००इतकाच आहे, त्यामुळे चित्राचा दर्जा पालटेल असे मी म्हणत नाही. शंभरांतली नेमकी टिपलेली चित्रे वाढतील, एवढेच म्हणतो. शिवाय १९५९पासून चालत आलेल्या एफ माउंटमध्ये (बॉडीवर लेन्स बसवण्याच्या निकॉनच्या जुन्या जोडणीत) आता मोठी रक्कम गुंतवणे मला पटत नाही. मिररलेस बॉडींसाठीचा झेड माउंट २०१८मध्ये आला, आणि १८०-६०० मिमीसारखी लेन्स २०२३मध्ये त्याच माउंटसाठी निघाली. ती घेता येईपर्यंत ५०-२५० मिमीच्या हलक्या लेन्सवर भागवता येईल.

पाणकाठ :
२५० मिमीवर भागवणे म्हणजे काय, याचा हिशेब करू. त्याच अंतरावरून ५०० मिमीइतकी चौकट मिळवण्यासाठी चित्र कापले, तर लांबी आणि रुंदी दोन्ही निम्मी होतात, आणि २०९ लाख पिक्सेलपैकी जेमतेम ५२ लाख उरतात. एवढ्यासाठी नवी बॉडी घ्यायची का? माउंटची भीतीही मला अतिशयोक्त वाटते. २००-५००मध्ये स्वतःची फोकस मोटर आहे, त्यामुळे एफ माउंटची लेन्स झेड बॉडीवर बसवणारा एफटीझेड अडॅप्टर लावून ती उद्या झेड बॉडीवर चालते आणि पक्षी ओळखण्याची सोयही तिच्यासोबत वापरता येते. अडचण येते ती स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्सची, कारण अडॅप्टरमध्ये मोटर नसल्याने त्यांचा फोकस हातानेच करावा लागतो. म्हणजे आज लेन्स घेणाऱ्याचा उद्याचा मार्ग बंद होत नाही.

घाटवाट :
आपण दोघेही वजनाविषयी बोलत नाही, याचे आश्चर्य वाटते. २००-५०० लेन्सचे वजन सुमारे २.३ किलो आहे; नावेत ती चालेल, पण सिंहगडाच्या परिसरात पायी हिंडणाऱ्याच्या गळ्यात ती दुपारपर्यंत राहणार नाही, आणि घरी ठेवलेली लेन्स कितीही उत्तम असली तरी निरुपयोगीच. कॅननच्या मिररलेस बॉडींसाठीची आरएफ १००-४०० ही लेन्स फक्त ६३५ ग्रॅमची आहे. ४०० मिमीवर तिचे अ‍ॅपर्चर एफ ८ होते, म्हणजे एफ ५.६च्या निम्माच प्रकाश आत येतो. ताडोब्यात पहाटेच्या अंधूक उजेडात हे जाणवेल, भिगवणला ऊन वर आल्यावर फारसे नाही. माझ्या मते, घेण्याआधी दोन्ही प्रकार एका शनिवार-रविवारसाठी भाड्याने घेऊन पाहावेत. पुण्या-मुंबईत ती सोय आहे. आणखी एक गोष्ट जाता जाता सांगतो. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवणाऱ्या कपाटाचा खर्च याच हिशेबात धरावा, कारण पावसाळ्यात बंद पिशवीत पडलेल्या लेन्सला बुरशी धरते.

सुरय :
भाड्याची सूचना योग्य आहे, आणि ५२ लाख पिक्सेलचा हिशेबही मला खोडता येत नाही. तरीही पाणकाठ यांच्या योजनेत एक त्रुटी राहते. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर चित्र घेणाऱ्या सेन्सरपासून वेगळा असतो, त्यामुळे एखादी लेन्स एखाद्या बॉडीवर डोळ्याऐवजी किंचित पुढे किंवा मागे फोकस करू शकते. डी७२००मध्ये ते जुळवून घेण्याची सोय आहे, पण झूम लेन्समध्ये एका टोकाला केलेली जुळवणी दुसऱ्या टोकाला चुकू शकते. मिररलेस बॉडी चित्र घेणाऱ्या सेन्सरवरच फोकस मोजत असल्यामुळे हा त्रास जवळजवळ उरत नाही. म्हणून आधी लेन्सच घ्यायची ठरली, तर ती वापरलेली घेताना टॉर्चच्या उजेडात आतली बुरशी तपासावीच, पण आपली बॉडी दुकानात सोबत नेऊन २०० आणि ५०० या दोन्ही टोकांना चित्रे काढून पाहावीत. माझे मत मात्र अजून बॉडीच्याच बाजूने आहे.