तिसऱ्यांचं (खाडीतल्या शिंपल्यांचं) जीएसटी पाचकग्रंथीत घसरतंय, मदत हवी आहे

मंडळी नमस्कार. जीएसटी म्हणजे करवाला नव्हे, ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज! विषारी रेणूला पेशीतलाच ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू चिकटवून तो बाहेर काढण्याजोगा करणारं एन्झाइम.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी रत्नागिरीच्या भाट्ये खाडीतून तिसऱ्या आणल्या. इकडे आंब्याच्या खोडकिड्याला क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक वापरतात, म्हणून तेच निवडलं. ॲसिटोनमध्ये विरघळवून तीन मात्रा, शिवाय एक टब साध्या पाण्याचा आणि एक नुसत्या ॲसिटोनचा, हे दोन कंट्रोल. चार दिवस, रोज पाणी बदलून. मग कल्ले आणि पाचकग्रंथी बर्फावर बफरमध्ये कुटून, १०,००० जीला फिरवून वरचा द्रव घेतला. जीएसटी मोजायला सीडीएनबी (ज्याला हे एन्झाइम ग्लुटाथायोन चिकटवतं ते रसायन) घालून ३४० नॅनोमीटरला वाचन, प्रथिनं ब्रॅडफर्डच्या रंगकसोटीने.

कमी मात्रेला दोन्हीकडे जीएसटी वाढलं. सगळ्यात जास्त मात्रेला मात्र कल्ल्यांत वाढलेलंच राहिलं आणि पाचकग्रंथीत कंट्रोलच्याही खाली गेलं. याच टबातल्या तिसऱ्या पहिला दीड दिवस कवच मिटून बसल्या होत्या. मग ही घसरण औषधाची की मिटून बसण्याची?

दुसरं कोडं : क्लोरपायरिफॉस मज्जातंतूंचं जे एन्झाइम बंद पाडतं ते ॲसिटाइलकोलिनएस्टरेजही मोजलं, तर कल्ल्यांत ते कंट्रोलमध्येच जवळजवळ शून्य! सर म्हणतात, परत कर. काय बदलून करू?

प्रतिसाद १
बफरमध्ये पीएमएसएफ आहे का? प्रोटीएज थांबवायला घालतात, पण ते सेरीन या अमिनो आम्लाला जाऊन चिकटतं आणि एस्टरेजच्या कामाच्या जागीही सेरीनच असतं. शिंपल्यांत हे एन्झाइम मुळात कमी, त्यात हे. एस्टरेजसाठी पीएमएसएफशिवाय वेगळा नमुना कुटा.

धागाकर्ती
आहे!! जुन्या प्रबंधातून कृती जशीच्या तशी उचलली होती.

प्रतिसाद २
सगळेच उचलतात, वाईट वाटून घेऊ नका.
जीएसटीबद्दल : कसोटीत ग्लुटाथायोन तुम्ही बाहेरून घालता. त्यामुळे पेशीतला साठा संपला म्हणून आकडा पडला, असं म्हणता येणार नाही. एन्झाइमच कमी झालंय किंवा दबलंय. ग्लुटाथायोन वेगळं मोजा, म्हणजे चित्र पुरं होईल. नमुना न घालता सीडीएनबी-ग्लुटाथायोनचं नुसतं वाचन वजा केलंय ना? ते दोघं आपापसातही जुळतात.
मिटलेली तिसरी पाणी ओढत नाही. म्हणजे औषध कमी, अन्न कमी, ऑक्सिजनही कमी. साध्या पाण्यात काही तिसऱ्यांची कवचं रबरबँडने दीड दिवस बांधून ठेवा, मग सोडा. चौथ्या दिवशी त्यांचंही जीएसटी पडलेलं दिसलं तर औषधावर सगळा दोष टाकता येणार नाही. आणि आकडे प्रथिनांमागेही द्या, ऊतीच्या ग्रॅममागेही. उपाशी ग्रंथीत प्रथिनंच घटली तर पहिलं गुणोत्तर फसवतं.

धागाकर्ती
रबरबँडचं डोक्यातच आलं नव्हतं. ब्लँक वजा केलाय. अमावास्येच्या ओहोटीला नव्या तिसऱ्या काढायला जाते. जुन्या टबातल्या उरलेल्या तिसऱ्या रश्श्यासाठी मागणाऱ्या मित्राला हा धागा वाचायला दिलाय.