वयोगटानुसार गुन्ह्यांचा दर: तुरुंगाचे आकडे उलटे का दिसतात?

आलेखवाला: चोरी, मारामारी आणि फसवणूक यांचे वयानुसार आलेख काढतोय. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) तुरुंग अहवालात १८-३०, ३०-५० आणि ५० च्या पुढे असे गट आहेत. देशभरातले सिद्धदोष, म्हणजे शिक्षा झालेले, बंदी पाहिले तर ३०-५० हाच गट सगळ्यात मोठा. पण गुन्हे तर ऐन विशीत जास्त होतात ना?

खतावणी: तो अहवाल म्हणजे ३१ डिसेंबरची शिरगणती. मोबाइल चोरणारा विशीतला पोरगा काही महिन्यांत सुटतो, त्या दिवशी तो मोजणीत सापडेलच असं नाही. खुनात जन्मठेप झालेला मात्र पंचविशीत आत जातो आणि पुढची चौदा-पंधरा वर्षं दर डिसेंबरला मोजला जातो. त्याचं वय वाढतं, गुन्हा तोच. शिवाय खटला संपेपर्यंतची वर्षं वेगळीच. न्यायाधीन, म्हणजे खटला चालू असलेल्या, बंद्यांचा तक्ता घ्या, तिथे तरुणांचा वाटा लगेच वर जातो.

आणि नुसता वाटा म्हणजे दर नव्हे. एक गट बारा वर्षांचा, दुसरा वीस वर्षांचा. त्या वयोगटाच्या लोकसंख्येने भागून लाखाने गुणा: ४०,००० लोकांत ६० अटका म्हणजे लाखामागे १५०. छेदासाठी २०११ ची जनगणना जशीच्या तशी वापरू नका, तिच्यावरून केलेले त्या-त्या वर्षाचे अंदाज घ्या.

कलमकसाई: अठराखालच्यांचं गणित वेगळं ठेवा. विधिसंघर्षग्रस्त बालकाला, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठराखालच्या मुलाला, अटक होत नाही, 'ताब्यात घेतलं' अशी नोंद होते, म्हणून प्रौढांच्या अटकेच्या तक्त्यात ती मुलं शोधू नका. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य कायद्याने गुन्हाच नाही, तरी बाल-गुन्ह्यांच्या दराचा छेद म्हणून अठराखालची सगळी मुलं धरतात. त्याने दर पातळ होतो. खरी गर्दी १६-१८ मध्ये असते.

वय धरायचं ते गुन्ह्याच्या दिवशीचं. वाद झाला तर बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी.

खतावणी: बरोबर. त्यात पोरं टोळक्याने गुन्हा करतात. एक दुचाकी, ताब्यात चौघं. गुन्हा एक, डोकी चार!

आलेखवाला: मग प्रकारानुसार फरक कसा वाचायचा?

कलमकसाई: चोरीचा शेंडा लवकर येतो आणि झपाट्याने उतरतो. मारामारीचा थोडा उशिरा, उतारही संथ. अफरातफरीला आधी नोकरी, सही, विश्वासातली जागा लागते, त्यामुळे तो आलेख पसरट. विवाहितेच्या छळात सासू-सासऱ्यांची नावं फिर्यादीत येतात म्हणून पन्नाशीपुढचा फुगवटा दिसतो, तो इतर गुन्ह्यांत मिसळू नका.

२०२४ ची तुलना जपून करा. १ जुलैपासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हिसकावून नेण्याला कलम ३०४ हे स्वतंत्र कलम मिळालं. त्यामुळे चोरीचा आकडा घटला तर आधी ते पाहा.