२६ व्या वर्षी डॉक्टरकीची तयारी: पोस्टबॅकवर ५० हजार डॉलर घालावेत का?

मुळामुठा
माझी भाची २६ वर्षांची आहे. इकॉनॉमिक्सची पदवी, जीपीए (४ पैकी) ३.७, न्यू जर्सीत एका विमा कंपनीत ८५ हजारांची नोकरी. आता तिला डॉक्टर व्हायचंय. ही नुसती लहर नाही, बरेच दिवस शनिवार-रविवार ॲम्ब्युलन्सवर ईएमटी म्हणून राबते आहे. पण कॉलेजात सायन्सचा एकही कोर्स केला नव्हता, त्यामुळे जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, बायोलॉजी, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री, सगळं लॅबसकट श्रीगणेशापासून करायचं आहे. त्यासाठी तिने एका नावाजलेल्या कॉलेजचा एक वर्षाचा प्रीमेड पोस्टबॅक निवडलाय, म्हणजे मेडिकल स्कूलच्या अर्जाला लागणारे सायन्सचे कोर्स पदवीनंतर करायचा कार्यक्रम. ट्यूशन ५० हजार डॉलर, राहणं-खाणं वेगळं, नोकरी सोडायची. एवढं करून वर्षाअखेरी नवी पदवीसुद्धा नाही, एक सर्टिफिकेट.

माझं मत स्पष्ट आहे: एवढे पैसे घालण्यासारखं त्यात काही नाही. हेच कोर्स रटगर्सला (इथली स्टेट युनिव्हर्सिटी) किंवा काउंटी कॉलेजला संध्याकाळी करता येतात, नोकरी सांभाळून. अर्जावर ऑरगॅनिकमधला ए हा ए-च दिसतो. पुढे मेडिकल स्कूलचं कर्ज आ वासून उभं आहेच, त्याच्या आधी ही पदरमोड कशाला? बहिणीच्या घरी या विषयावर दोन तट पडलेत आणि मी अर्थातच खलनायक आहे. ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी लिहा.

स्टेथोवाली
मी जवळून पाहिलंय, कारण मी असाच करिअर बदलणाऱ्यांचा पोस्टबॅक करून आले. सध्या इंटर्नल मेडिसिनची रेसिडेंट आहे, म्हणजे मेडिकल स्कूलनंतरचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण चालू आहे.

मामा, तुम्ही कोर्सची किंमत धरलीत, वेळेची धरली नाहीत. जनरल केमिस्ट्री झाल्याशिवाय ऑरगॅनिकला बसता येत नाही आणि ऑरगॅनिकशिवाय बायोकेमिस्ट्रीला. ही साखळी संध्याकाळच्या वर्गांत दोन वर्षांच्या खाली उरकत नाही. नोकरी करून आठवड्यातून दोन लॅब म्हणजे तर तीनही लागतील. एक वर्षाच्या कार्यक्रमात जनरल केमिस्ट्री उन्हाळ्यातच कोंबतात, सप्टेंबरला ऑरगॅनिक सुरू. मे महिन्यात सगळं संपवून जूनमध्ये अर्ज.

दुसरं लिंकेज. काही कार्यक्रमांचे ठरावीक मेडिकल स्कूलशी करार असतात. त्यात अर्ज कोर्स चालू असतानाच करायचा आणि मधलं रिकामं वर्ष, ज्याला सगळे ग्लाइड इयर म्हणतात, ते न घालवता थेट ऑगस्टमध्ये मेडिकल स्कूलला. नेहमीच्या वाटेने जूनमध्ये अर्ज केला की प्रवेश पुढच्या वर्षीच्या ऑगस्टचा. म्हणजे तुमचा स्वस्त मार्ग आणि लिंकेज यांत दोन वर्षांचा फरक पडू शकतो. फॅमिली मेडिसिनवाल्यालासुद्धा इथे वर्षाला अडीच लाखांच्या आसपास मिळतात. करा हिशेब.

कडूलिंब
या कार्यक्रमांच्या माहितीपत्रकात नव्वदीच्या पुढचे आकडे असतात, "आमचे इतके टक्के विद्यार्थी मेडिकल स्कूलमध्ये!" छेद काय आहे ते विचारा. आत घेतानाच चांगला जीपीए पाहून घेतात. मधेच गळाले त्यांचं काय, एमकॅट (मेडिकल स्कूलची प्रवेशपरीक्षा) मनासारखी गेली नाही म्हणून "यंदा अर्ज करू नकोस" असं ज्यांना सांगितलं त्यांचं काय, ते कुठे मोजलेत? कमिटी लेटर (कॉलेजच्या समितीचं शिफारसपत्र) कुणाला देतात आणि कुणाला नाही? आणि डीओ स्कूल (ऑस्टिओपॅथीची, एमडीला समांतर डॉक्टरकीची पदवी देणारी), कॅरिबियन बेटांवरची स्कूल हे सगळे त्याच टक्क्यात आहेत का? मुळात ३.७ ची पोरगी निवडायची आणि तिला प्रवेश मिळाला की श्रेय आपण घ्यायचं. आमच्या दहावीच्या क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवर असाच मजकूर असायचा.

गोदाकाठ
धाग्यात एक गल्लत होते आहे. पोस्टबॅक दोन जातींचे. एक ज्यांनी सायन्स केलंच नाही त्यांचे, ब्रिन मॉर, गाऊचर, कोलंबिया वगैरे. दुसरे ज्यांनी सायन्स केलं पण गुणांची माती केली त्यांचे. मी दुसऱ्या गटातला.

आमच्या गटाचं गणित निर्दय आहे. समजा १२० क्रेडिटवर ३.१ जीपीए आहे. वर्षभर घासून ३० क्रेडिट सगळे ए मिळवले. नवा जीपीए? ३.२८. मेडिकल स्कूलमध्ये प्रत्यक्ष शिरणाऱ्यांची सरासरी ३.७५ च्या वर. आणि इथे जुना मार्क पुसला जात नाही. एएमसीएएस, म्हणजे एमडी स्कूलची सामाईक अर्जव्यवस्था, दोन्ही वेळचे मार्क मोजते. डीओ स्कूलच्या अर्जात पूर्वी दुसऱ्या वेळचाच मार्क धरायचे, तीही सवलत २०१७ पासून बंद झाली.

मग यावर तोडगा म्हणून स्पेशल मास्टर्स विकतात, म्हणजे एक वर्ष मेडिकलच्या विद्यार्थ्यांच्या तोडीचे विषय. त्याचे मार्क पदवीच्या जीपीएत मिसळतच नाहीत, वेगळ्या ओळीत दिसतात. तिथे ए मिळाला तर "बघा, सुधारला" म्हणता येतं. बी मिळाला तर? मेडिकल स्कूललाच पुरावा नेऊन दिला की याला झेपणार नाही. माझ्या वर्गात असे होते. त्यांनी फी भरून स्वतःचं दार बंद करून घेतलं.

मी स्वतः स्टेट युनिव्हर्सिटीत सुटे कोर्स घेतले, दर सेमिस्टरला पाहत गेलो की जमतंय का. आज डीओ स्कूलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कुणी नाक मुरडण्याआधी सांगतो, २०२० पासून रेसिडेन्सी एमडी-डीओ दोघांची एकाच मान्यतेखाली आहे.

फ्रीमाँटकर
कॅलिफोर्नियात राज्यातल्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला ४६ डॉलर. ४० युनिट केले तर १८४० डॉलर. पुन्हा वाचा, अठराशे चाळीस. कुठे ५० हजार?

स्टेथोवाली
@फ्रीमाँटकर, आणि त्या वर्गात जागा कधी मिळते तेही लिहा. पदवी असलेल्यांचा नोंदणीत नंबर मागे. लॅबच्या जागा मोजक्या, वेटलिस्टवर ताटकळा, ऑरगॅनिकची एक सेमिस्टर हुकली तर कधीकधी वर्ष जातं. शिवाय बायोकेमिस्ट्री बहुतेक कम्युनिटी कॉलेजात नसतेच, ती बाहेरून करावी लागते. सगळे अवघड विषय तिथेच केले की काही मेडिकल स्कूल भुवया उंचावतात, हेही खोटं नाही.

फ्रीमाँटकर
उंचावू देत. एमकॅटला ५१५ पडले की भुवया आपोआप खाली येतात.

सदाशिव_आजोबा
एवढ्या खर्चात आणि वर्षांत भारतात एमबीबीएस होऊन इंटर्नशिपसुद्धा उरकेल. आमच्याकडे सांगली, लोणी, कराड कुठेही एनआरआय कोटा आहे. मग यूएसएमएलई (तिकडची डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा) द्यायची आणि परत जायचं. पूर्वी सगळे असेच गेले.

गोदाकाठ
आजोबा, एनआरआय कोट्यालाही नीट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि बारावीच्या पातळीचं फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. २६ व्या वर्षी ती अकरावीच्या मुलांबरोबर नीटच्या क्लासला बसणार का? मग इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं. आणि परतीचा रस्ता पूर्वीसारखा राहिला नाही. २०२४ च्या रेसिडेन्सी मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात, इथल्या एमडी स्कूलच्या विद्यार्थ्यांपैकी ९३ टक्क्यांहून जास्त लागले. परदेशी शिकून आलेले अमेरिकी नागरिक साधारण ६७ टक्के. तीनात एक बाहेर.

सदाशिव_आजोबा
बरं. पण खर्चाचा मुद्दा राहतोच.

हिशेबनीस
खर्चाचाच मुद्दा घेतो, कारण वरच्या प्रतिसादांत कर्जाचे नवे नियम कुणीच धरलेले नाहीत.

आतापर्यंत मेडिकल विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस कर्जामुळे जवळपास पूर्ण खर्चाइतकं सरकारी कर्ज मिळायचं. २०२५ च्या जुलैत सही झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ते बंद. आता व्यावसायिक पदवीला वर्षाला ५० हजार, एकूण २ लाखांची मर्यादा. खासगी मेडिकल स्कूलचा चार वर्षांचा सगळा खर्च साडेतीन लाखांच्या पुढे सहज जातो. वरची रक्कम कुठून? खासगी कर्ज किंवा आईबाप. गोदाकाठ म्हणतात त्या स्पेशल मास्टर्सला तर वर्षाला २०,५०० च मिळतील. आणि भाचीने निवडलाय तशा, पदवी न देणाऱ्या पोस्टबॅकला पूर्वतयारीचं सरकारी कर्ज एकदाच, सलग १२ महिन्यांपुरतं, जास्तीत जास्त १२,५०० डॉलर.

म्हणजे ५० हजारांतले निदान ३७ हजार बचतीतून किंवा खासगी कर्जातून. पूर्ण ५० हजार ८ टक्क्यांनी घेतले आणि ग्लाइड इयर, मेडिकल स्कूलची चार वर्षं, रेसिडेन्सीची तीन अशी आठ वर्षं फेडता आले नाहीत तर ते ९२ हजारांच्या वर जातात. त्यात बुडालेला पगार धरलाच नाही.

स्टेथोवालीताई, तुमचे वर्षाचे अडीच लाख खरे आहेत, पण लवकर सुरुवात केली की वाढतं ते नोकरीचं शेवटचं वर्ष. तीस वर्षांनी मिळणारे अडीच लाख आणि आज व्याजाने काढलेले ५० हजार एका पारड्यात तोलू नका. बरं, लिंकेज म्हणजे त्या एका स्कूलशी बांधून घेणं. मिळालं तर दुसरीकडची स्कॉलरशिप दाखवून घासाघीस करता येत नाही.

स्टेथोवाली
हिशेब चोख आहे, पण तो प्रवेश मिळतोच असं धरून केलाय. खरी जोखीम व्याजाची नाही, पहिल्या फेरीत नापास होण्याची आहे. वर्षाला ५० हजारांहून जास्त लोक एमडी स्कूलना अर्ज करतात आणि २३ हजारांच्या आसपास आत जातात. नोकरी, लॅब, ॲम्ब्युलन्स आणि एमकॅट एकत्र करणाऱ्या मुलीला ऑरगॅनिकमध्ये बी-मायनस पडला तर तो कायमचा. मग गोदाकाठांचं गणित तिलाही लागू. मी ते पैसे नावासाठी दिले नाहीत. माझ्या वर्गातला प्रत्येक जण तेच करत होता, सल्लागार अर्ज वाचून परत पाठवायची, आणि मला दिवसभर दुसरं काही काम नव्हतं. त्याची किंमत मला पटली. घरून मदत होती हेही खरं, नाहीतर कदाचित पटली नसती.

एच४ची_आई
थोडं अवांतर. आमची मुलगी एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आहे, २१ ची झाली की तोही जाणार. ग्रीन कार्ड नसलेल्यांना बरीच मेडिकल स्कूल घेतच नाहीत, सरकारी कर्जही नाही. वाचणाऱ्यांत आमच्यासारखे कुणी असतील तर फी भरण्याआधी हे बघा. पोस्टबॅकवाले प्रवेश देतील, पुढचे देतीलच असं नाही.

मुळामुठा
सगळं वाचलं, बहिणीलाही पाठवलं. एच४ची_आईंचा मुद्दा आम्हाला लागू नाही, भाची इथेच जन्मलेली. माझं मत थोडं सरकलंय. आता मी म्हणतो, तिने उन्हाळ्यात रटगर्सला जनरल केमिस्ट्री करावी, शरदात फिजिक्स आणि बायोलॉजी. नोकरी चालू. जमलं आणि तरी त्या कॉलेजला जायचंच असेल तर पुढच्या वर्षी जावं, मी पाच हजार माझ्याकडून देईन. सगळ्यांचंच म्हणणं राहतं.

स्टेथोवाली
मामा, इथेच घोटाळा आहे. करिअर बदलणाऱ्यांच्या नामांकित कार्यक्रमांना कोरी पाटी लागते. अर्ध्याहून जास्त कोर्स बाहेर केलेले असले की बरेच जण घेत नाहीत. जनरल केमिस्ट्रीचा एखादा कोर्स चालेल कदाचित. फिजिक्स आणि बायोलॉजीही केली की ते दार तिने स्वतःच लावलं. तुमचा मधला मार्ग तिला सांगायचा असेल तर हेही सांगून सांगा.

कडूलिंब
म्हणजे आधी स्वस्तात पोहून बघायची सोय नाही, थेट ५० हजारांची उडी. धंदा छान बांधलाय.

मुळामुठा
हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग एवढंच करतो, तिला त्या कॉलेजला ईमेल करायला लावतो: एक सेमिस्टर जनरल केमिस्ट्री बाहेर केली तर चालेल का, गेल्या तीन वर्षांत किती आले, किती मधे गळाले, आणि लिंकेजने नेमके किती गेले. आकडे दिले तर पाच हजार माझे. टाळाटाळ केली तर रटगर्स.

हिशेबनीस
उत्तर आलं की इथे टाका.